संगणक बंद पडल्याची चौकशी

१ ऑक्टोबर २०२५, बुधवार. खंडेनवमी.

घरातल्या सगळ्या अवजारांची पूजा केली. विळा, कुऱ्हाड, पान्हे-पेचकस, आमच्या सौभाग्यवती मैनाबाईंची शिलाई मशीन, मिक्सर, माझी सायकल, सूनबाईची स्कूटी आणि यंदा पहिल्यांदाच संगणक. मुलगा नितेश नागपूरहून फोनवर हसला, म्हणाला, "बाबा, त्याले कायले कुंकू?" मी म्हणालो, ज्याच्यापुढे घरातलं माणूस दिवसभर बसते ते अवजारच. सूनबाई अपेक्षा सकाळ-संध्याकाळ त्याच्यापुढे असते, म्हणजे काही तरी काम होतच असणार.

संगणक मात्र चालूच होता. निळ्या पडद्यावर ठिपके गोल फिरत होते आणि खाली इंग्रजीत लिहिलं होतं की अपडेट सुरू आहे, सत्तेचाळीस टक्के झालं, संगणक बंद करू नये. चालत्या अवजाराची पूजा करायची नाही हा आमच्या घरचा रिवाज. वडील वखरालाही बैल सोडून, धुऊन, मगच हळदकुंकू लावत. ती सूचना इतर दिवसांसाठी असावी असं धरून मी बटन दाबलं. ऐकेना. दाबून धरलं तेव्हा निमूट बंद झाला. वेळ ९.४०. भिंतीवरचं बटनही बंद केलं, म्हणजे शंकाच नको. पडदा फडक्याने पुसून हळदकुंकू, अक्षता, झेंडूचं फूल. अपेक्षा तेव्हा आपट्याची पानं आणायला राजकमल चौकात गेली होती.

पूजा मनासारखी झाली. जेवणात एक पुरणपोळी जास्त झाली.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा.

सोनं देऊन-घेऊन झाल्यावर संध्याकाळी अपेक्षाने संगणक लावला. तो लागला नाही. काळ्या पडद्यावर ठिपके फिरतात, "दुरुस्ती करत आहे" अशा अर्थाचं इंग्रजी येतं, मग सगळं विझतं आणि पुन्हा पहिल्यापासून. असं सात वेळा झालं, मी मोजलं.

अपेक्षा खाली वाकून टेबलाखालच्या सीपीयूकडे बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "बाबा, काल याले कोणी हात लावला होता काय?"

"कोणीच नाही. मी फक्त पूजा केली."

मैनाबाईंनी मधेच पदर तोंडाला लावला. त्यांना या दिवसांत खोकला होतो.

मी विचारलं, "त्यात होतं काय एवढं?"

"थिसिस."

"कायवर?"

तिने वळून माझ्याकडे पाहिलं. "ज्वारीवर, बाबा. हुरड्याच्या देशी ज्वारीवर."

हुरड्यावर डॉक्टरेट मिळते हे मला माहीत नव्हतं. मिळत असेल तर आमच्या भातकुलीकडचे निम्मे लोक डॉक्टर आहेत. हे मी बोलून दाखवलं. कोणी हसलं नाही.

मग एकेक कळत गेलं. अकोल्याच्या विद्यापीठात सतरा तारखेपर्यंत प्रबंध द्यायचा आहे. ही तिसरी मुदतवाढ आहे, चौथी मिळत नाही. नाही दिला तर नाव कमी होतं आणि सहा वर्षं पाण्यात. पहिली तीन प्रकरणं गाईडबाईंकडे आहेत. फेब्रुवारीनंतरची दोन प्रकरणं आणि सगळे तक्ते या डब्यात. मार्चमध्ये मैनाबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून दुसरीकडे उतरवून ठेवायचं राहून गेलं.

हे कोणी केलं याची चौकशी मी स्वतः करणार आहे. मुख्याध्यापक असताना शाळेत काच फुटली तर दुपारच्या सुट्टीपर्यंत मी नाव काढत असे.

३ ऑक्टोबर, शुक्रवार.

सूनबाईला त्रास नको म्हणून सकाळीच सीपीयू सायकलच्या कॅरिअरला बांधून जवळच्या एका दुकानात नेला. दुकानदाराने दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाला, "फॉरमॅट मारा लागते काका. सगळं पुसून नवीन टाकून देतो. एका घंट्यात घेऊन जा."

मला पटलं. दिवाळीआधी आपण भिंती खरवडून चुना मारतो तसंच हे. मी म्हणालो, टाका. तो म्हणाला, "आतला डाटा लागते काय?" डाटा आपल्या घरी लागतो की नाही हे मला ठाऊक नव्हतं, म्हणून घरी फोन लावून विचारलं. अपेक्षाने फक्त "हात लावू नका म्हणा" एवढंच सांगितलं आणि सात मिनिटांत स्कूटीवर हजर झाली. एका पायात तिची चप्पल होती, दुसऱ्यात मैनाबाईंची.

ती दुकानदाराला काय बोलली ते सगळं मला समजलं नाही. सीपीयू तिने पायाशी ठेवून नेला. मी सायकलवर मागून गेलो. पुसलं म्हणजे आतलं सगळं जातं, हे त्याने आधी सांगायला हवं होतं.

४ ऑक्टोबर, शनिवार.

चौकशी सुरू. पहिला संशय ओमप्रकाशवर. गेल्या महिन्यात त्याने इन्व्हर्टर बसवला. फोन केला तर म्हणतो, "गुरुजी, मीटरपासून पंख्यापर्यंत माही जबाबदारी. डब्ब्यातलं तुमचं तुमी पाहा." उत्तर उद्धट असलं तरी मुद्द्याचं आहे. मग नितेशला विचारलं की नागपूरहून फोनवर खेळता खेळता तू इकडचं काही दाबलं काय. तो हसत सुटला. मिक्सर आणि संगणक एकाच भिंतीवर आहेत, म्हणून मैनाबाईंचीही जबानी घेतली.

त्या भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सापडला काय हो चोर?"

"सापडेल."

"घरातलाच असन तर?"

"घरातला असला तरी सोडणार नाही," मी सांगितलं. त्यांना पुन्हा खोकला आला. ज्येष्ठमध आणून ठेवला आहे.

५ ऑक्टोबर, रविवार.

अमरावतीच्या दुकानांवर माझा भरवसा राहिला नाही. सीपीयू गोधडीत गुंडाळून मी आणि अपेक्षा एस.टी.ने अचलपूरला गेलो. तिथे माझी अकरा वर्षं नोकरी झाली. बद्रुद्दीनभाईंचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान तेव्हापासूनचं. शाळेचा रेडिओ त्यांनी एकदा सेफ्टी पिन लावून चालू केला होता, तो पुढे नऊ वर्षं चालला. अपेक्षा वाटेत म्हणाली, "बाबा, रेडिओ येगळा अन् हे येगळं." मी म्हणालो, यंत्र ते यंत्र.

बद्रुद्दीनभाईंनी मिठी मारली. "आओ गुरुजी. किती वर्सांनी आले." सीपीयू टेबलावर ठेवला. त्यांनी त्याला कान लावला, बोटाने तीन ठिकाणी ठोकून पाहिलं आणि डोळे मिटून म्हणाले, "बोर्ड अच्छा है. याददाश्त में कुछ अटका है." त्या दुकानदाराने आतला एक शब्द सांगितला नव्हता. यांनी कानाने सांगितलं.

पुढचं किरकोळ काम त्यांची मुलगी अरीबा करते. डिप्लोमा झाली आहे, वडिलांच्या हाताखाली बसते. तिने स्क्रू काढले, तारा लावल्या, एका पेन ड्राइव्हवरून काय काय चालवून पाहिलं आणि अर्धवट राहिलेलं अपडेट मागे घ्यायचा प्रयत्न केला. भाई बाजूला बसून "हां, हां, वैसाच" असं मार्गदर्शन करत होते. मधे त्यांनी मला डब्यावरचं लेबल वाचायला सांगितलं, चष्मा घरी राहिला म्हणाले. चष्मा त्यांच्या खिशात होता. वयामुळे विसरतात.

अपडेट मागे गेलं नाही. अरीबा अपेक्षाला म्हणाली, "दीदी, सिस्टीम अर्ध्यात तुटली, ते तर आहेच. पण डिस्कबी जुनी आहे, जागोजागी खराब झाली. आता हिले चालू करायच्या भानगडीत नाई पडायचं. आधी आतलं बाहेर काढू. टाइम लागेल. कोरा वादा नाई करत."

अपेक्षाने मान हलवली. येताना बसमध्ये तिने रिकामी गोधडी मांडीवर घेतली होती.

६ ऑक्टोबर, सोमवार. कोजागिरी.

हातावर हात ठेवून बसणं मला जमत नाही. अपेक्षाकडे शेतातल्या नोंदींच्या सात वह्या आहेत. त्यावरून तक्ते पुन्हा टाइप करायचं ठरलं. शेजारच्या शेखरने त्याचा लॅपटॉप दिला. मी वाचणार, ती टाइप करणार. वाचनाला माझ्यासारखा माणूस सापडणं कठीण, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "हो बाबा."

त्रेचाळीस वाण आहेत. प्रत्येकाच्या कणसाचं वजन, दाण्याचं वजन, कोवळा दाणा किती दिवस राहतो, गोडी किती. गोडीसाठी तिने प्रत्येक गावात पंधरा माणसांना हुरडा खाऊ घालून गुण देवविले. मी म्हणालो, परीक्षक म्हणून मला का नाही बोलावलं? ती म्हणाली, "तुमी दर वर्षी म्हणता, औंदाचा हुरडा मागच्या वर्षीवानी नाई. सगळ्यायले नापास केलं असतं."

मसाला दूध पिता पिता दोन वाण झाले.

७ ऑक्टोबर, मंगळवार.

वह्यांमध्ये आकड्यांशिवाय माणसंही आहेत. तिसऱ्या वहीत आमच्या गावची पार्बताबाई निघाली. वय ऐंशी. वाणी या मऊ, गोड ज्वारीबद्दलचं तिचं बोलणं अपेक्षाने जसंच्या तसं लिहून ठेवलं आहे: "वाणीचा हुरडा बोळक्यालेबी चालते. जावयाले वाणी द्यावा, सालदाराले हातात येईन तो. म्या मातर उलटं केलं. जावई का राबते?"

मी वाचता वाचता थांबलो. पार्बताबाई माझ्या आईची मैत्रीण. आमच्या बांधालगत तिचं शेत. विचारलं, "तू आपल्या गावाले कधी गेली होतीस?"

"अकरा वेळा, बाबा."

मी म्हणालो, मला कसं माहीत नाही? ती टाइप करत होती, तिने ऐकलं नसावं.

९ ऑक्टोबर, गुरुवार.

घसा बसला. मैनाबाईंसाठी आणलेला ज्येष्ठमध मलाच लागला. त्यांना खोकला नाहीच म्हणतात.

चौकशीत प्रगती नाही.

११ ऑक्टोबर, शनिवार.

सकाळी अरीबाचा फोन. डिस्क दुसऱ्या मशीनला जोडली आहे, थोडं थोडं उतरतं आहे. तापली की ती थांबवून गार होऊ देते. फोटो निघाले, मैनाबाईंच्या दवाखान्याचे कागद निघाले. थिसिसचं फोल्डर दिसतं पण उघडत नाही.

आम्ही तेवीस वाण पूर्ण केले आहेत. अपेक्षाने कागदावर हिशेब मांडला. या वेगाने तक्ते सोळा तारखेला होतील आणि प्रकरणं लिहायला एक दिवस राहील. सात महिन्यांत लिहिलेलं एका दिवसात लिहून होत नाही, हे मलाही कळतं. तिने कागदाची घडी घातली आणि कपडे काढायला गच्चीवर गेली. दोरीवर कपडे नव्हते, ते मीच दुपारी काढून आणले होते. अर्ध्या तासाने आली तेव्हा डोळे लाल होते. म्हणाली, "चला बाबा, चोविसावा."

मी चोविसावा वाण वाचला. फार वाईट वाटलं. वर्गात एखादं पोर वर्षभर राबतं आणि परीक्षेच्या दिवशी तापाने पडतं, तेव्हा वाटायचं तसं. ज्याने कोणी हे केलं त्याला समोर उभा करून मी विचारणार आहे, की बाबा रे, तुला या मुलीची सहा वर्षं दिसली नाहीत काय?

१३ ऑक्टोबर, सोमवार.

निघालं. सगळं निघालं.

सकाळी फोन आला तसे आम्ही दोघं पहिल्या गाडीने अचलपूरला गेलो. अरीबाचे डोळे जागरणाने सुजले होते. तिने डब्यात नवीन डिस्क बसवली, सिस्टीम नव्याने टाकली आणि जुनं सगळं त्यात भरलं. मग म्हणाली, "अब्बू, आता तुमी चालू करा." बद्रुद्दीनभाईंचा हात हल्ली कापतो. तिने तो धरून बटनापर्यंत नेला. भाईंनी दाबलं आणि मशीन पहिल्याच झटक्यात लागलं. हात तो हातच. अपेक्षाने थिसिसची फाइल उघडली, खालपर्यंत नेली, पुन्हा वर आणली आणि अरीबाच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मी भाईंचे आभार मानले. ते म्हणाले, "मैंने क्या किया गुरुजी." एवढा गुणी माणूस आणि इतका नम्र.

निघताना अरीबाने विचारलं, "चाचा, मशीनमध्ये टाइम लिहिलेला असते. एक तारखेले सकाळी अपडेट चालू होतं, नऊ चाळीसले एकदम बंद झालं. लाइट गेली होती काय?"

मी म्हणालो, लाइट गेली असेल तर माझ्या डायरीत असेलच. चाळीस वर्षांत एक दिवस लिहायचा राहिला नाही. घरी जाऊन बघतो, गुन्हेगार आजच हाती लागतो. अपेक्षा गोधडीची गाठ बांधत होती. म्हणाली, "जाऊ द्या ना बाबा आता."

घरी आल्या आल्या एक तारीख काढून वाचली. चष्मा पुसून परत वाचली.

चौकशी पूर्ण झाली आहे.

१४ ऑक्टोबर, मंगळवार.

आमच्या वाचनातले तक्ते तिने फाइलशी ताडून पाहिले. दोन आकडे जुळेनात. एक तिच्या फाइलमध्ये चुकला होता, एक मी चुकीचा वाचला होता. दुसऱ्याबद्दल मी हुज्जत घातली नाही. तिने आश्चर्याने पाहिलं.

जेवताना मैनाबाई म्हणाल्या, "चोराचं काय झालं?"

"सापडला."

"मंग?"

मी वरणात चमचा फिरवत राहिलो. त्या म्हणाल्या, "पोळी घ्या. चोरालेबी जेवू घालतेत."

म्हणजे यांना माहीत होतं. कधीपासून, ते विचारायचा धीर झाला नाही.

१५ ऑक्टोबर, बुधवार.

तीन वेळा सांगायला गेलो. पहिल्यांदा ती गाईडबाईंशी फोनवर होती. दुसऱ्यांदा प्रिंट काढायला निघाली होती. तिसऱ्यांदा काहीच करत नव्हती, तेव्हा मी पाणी पिऊन परत आलो. मुलांना मी नेहमी सांगत असे, खरं बोलायला काय लागते? बरंच लागतं.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार. वसुबारस.

प्रबंधाच्या पाच प्रती घेऊन मी आणि अपेक्षा अकोल्याला गेलो. प्रती मी मांडीवर घेतल्या होत्या. विद्यापीठात तीन टेबलं फिरलो, चौथ्यावर शिक्का बसला. बारा वाजून दहा मिनिटं. कारकुनाने पोच दिली. अपेक्षाने ती वाचली, मग माझ्याकडे वाचायला दिली. एकही चूक नव्हती.

बाहेर कडुनिंबाखाली चहाची गाडी होती. तिथे मी सांगून टाकलं. "अपेक्षा, नवमीले तो संगणक म्या बंद केला होता. पूजेसाठी. बंद करू नये असं लिहिलेलं होतं, ते वाचून बंद केला. अन् दहा-बारा दिवस दुसऱ्यायच्या जबान्या घेत फिरलो. माहं चुकलं."

ती चहा फुंकत होती. "मले माहीत आहे, बाबा. दसऱ्यालेच कळलं. बटनावर कुंकू होतं, अंगठाभर."

"मंग बोलली काहून नाईस?"

"बोलणारच होती. राग एवढा आला होता का तुमाले चहासुद्धा करून देऊ नये वाटलं. तेवढ्यात तुमी विचारलं, कायवर. सहा वर्सांत पयल्यांदा विचारलं, बाबा. म्हटलं, आधी याचं उत्तर देऊ."

मी म्हणालो, असं कसं होईल, आधी कधी तरी विचारलंच असेल, डायरीत बघावं लागेल. ती म्हणाली, "असन." आणि माझा कप गाडीवर ठेवून आली.

घरी आल्यावर सहा वर्षांच्या डायऱ्या खाली काढल्या. मैनाबाई दाराशी वाती वळत बसल्या होत्या. जेवणापर्यंत मी पानं उलटत होतो. २०२१, ९ फेब्रुवारी: "सूनबाई अकोल्यास. नळाला पाणी आलं नाही." २०२२, १२ जानेवारी: "सूनबाई अकोल्यास. पाहुण्यांचा चहा मैनाबाईंनी केला." २०२३, ७ डिसेंबर: "सूनबाई भातकुलीकडे गेली, उशिरा आली. भाजी खारट." अशा अठ्ठावन्न नोंदी सापडल्या. नळाचं आहे, भाजीचं आहे, गाडी किती उशिरा आली तेही आहे. ती कशासाठी गेली, हे एकाही पानावर नाही.

पेन हातात घेतलं होतं. पण मागच्या पानांवर आता लिहिणं हा खोटेपणा होईल. शाळेच्या दप्तरात मी कधी मागची तारीख टाकली नाही. म्हणून आजच्याच पानावर लिहितो.

अपेक्षा आज अकोल्यास गेली. वऱ्हाडातल्या हुरड्याच्या त्रेचाळीस देशी ज्वाऱ्यांवर तिने सहा वर्षं काम केलं, त्याचा प्रबंध देण्यासाठी गेली. मी सोबत होतो.